कडूबा मिस्त्रीचा अनवाणी मोसम

कडूबा मिस्त्री आपल्या जन्माआधीची हकिगत अशी सांगे, की जणू तो तिथे साक्षीला उभा होता. त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली. मग करमाडच्या त्याच्या आईने देवीपुढे पदर पसरला आणि तिसरा मुलगा झाल्यावर त्याचं नाव कडूबा ठेवलं. कडू वस्तू कोण तोंडात घालतं? काळालाही चव असतेच की. तो तोंड वाकडं करून निघून गेला आणि पोर वाचलं. तेव्हा कडूबाचा नवसावर विश्वास होता असं म्हणणं फार कमी झालं. नवस नसता तर तो स्वतःच नसता, इतकं ते सरळ होतं.

औरंगाबादच्या छावणीत त्याचं आणि अन्सारचं सामायिक गॅरेज होतं. शहराचं नाव तेव्हा हेच होतं. दोघं एकाच उस्तादाच्या शिव्या खात काम शिकलेले. अन्सारने इंजिनं घेतली, कडूबाने चाकं. वाकलेले दांडे, घासलेल्या बेअरिंगा, एका अंगाला ओढणारी स्टिअरिंगं ही सगळी कडूबाकडे. दोघांचं चहापासून राजकारणापर्यंत कशावरही पटत नसे. पटे ते फक्त रेणुकावर.

रेणुका ही कडूबाची एकुलती एक लेक. शाळेतून आली की दप्तर फेकून गिऱ्हाइकाच्या रिक्षात जाऊन बसायची, आणि अन्सारचाचा तिला गुपचूप किल्ली द्यायचा. कॉलेजात असताना ती पुण्याला छोट्या गाड्यांच्या शर्यतीत धावली आणि तिथे शेंद्र्याचे कारखानदार तात्यासाहेब यांच्या नजरेत भरली. तात्यासाहेबांना शर्यतींचं वेड होतं. त्यांनी तिला आपल्या संघात घेतलं. तिच्याबरोबर हे दोघे मिस्त्रीही आले, आंदणात आल्यासारखे.

आता ती गाडी कसली, तर एका माणसापुरतं भांडं. छप्पर नाही, दार नाही, चाकं चारी बाजूंना उघडी, आणि चालवणारा जवळजवळ उताणा, बूड रस्त्यापासून वीतभर वर. रेणुकाच्या आईने, आशाबाईने, ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा सगळ्या बाजूंनी फिरून विचारलं, "आन् बाकीची गाडी कधी येणारंय?"

ह्या शर्यती म्हणजे मोठ्या शर्यतींच्या शाळेतली खालची यत्ता. मोसमात चार मुक्काम, दोन कोइमतूरला, दोन चेन्नईजवळ. प्रत्येक मुक्कामाला तीन शर्यती, आणि नंबराप्रमाणे गुण. मोसमाअखेर ज्याचे गुण सगळ्यांत जास्त, त्याला वरच्या यत्तेतली गाडी मिळणार. दुसरा आला त्याच्या पाठीवर थाप, आणि पुन्हा त्याच बाकावर. रेणुकाला ती वरची गाडी हवी होती. तिला दुसरं काही नकोच होतं.

मोसमाच्या तोंडावर नवरात्र आलं. कर्णपुऱ्याची देवी छावणीला लागूनच आहे. घट बसले की शहर पहाटेच अनवाणी तिकडे चालू लागतं. कडूबा बायको-लेकीला घेऊन रांगेत उभा राहिला आणि देवीसमोर आल्यावर मोठ्याने बोलला, "आई, पोरीला पयला नंबर दे. ह्यो मोसम संपंस्तोवर पायात काय घालणार नाय."

रेणुका लाजली आणि खूशही झाली. पण तोंडाने पहिला नंबर म्हणताना कडूबाच्या डोळ्यांसमोर ती उघडी चाकं होती. मनात तो म्हणाला ते असं: पयला दे नाहीतर शेवटला दे, माझी लेक तेवढी धड घरी आण. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. शर्यतीला निघालेल्या पोरीपुढे असलं अभद्र बोलतं का कुणी? पण देवी तोंडातलं ऐकते की मनातलं, याविषयी त्याला तिळमात्र शंका नव्हती.

भक्तिभावात एक गोष्ट विचारायची राहून गेली, ती कोइमतूरला पोहोचल्यावर कळली. ट्रॅकला लागून गाड्यांच्या खोल्यांची एक ओळ असते, तिला पिट म्हणतात. तिथे पेट्रोल, तापलेलं लोखंड, धावती चाकं. म्हणून बंद बुटांशिवाय कुणालाही प्रवेश नाही. फाटकावरच्या तमिळ गृहस्थाने अदबीने कडूबाच्या पायांकडे बोट दाखवलं. कडूबाने तितक्याच अदबीने आभाळाकडे बोट दाखवलं. दोघांना एकमेकांचं पुरतं समजलं आणि दोघंही जागचे हलले नाहीत.

तात्यासाहेब म्हणाले, "कडूबा, आत जाताना घाल, बाहेर आल्यावर काढ. देवी काय हजेरी घेते का?"

"घेती की," कडूबा म्हणाला.

झालं. चाकांचा मिस्त्री चाकांपासून जाळीभर लांब. गाडी मागच्या तंबूत असेपर्यंत तो तिच्याखाली शिरून काम करी आणि ती पिटमध्ये गेली की तारेच्या जाळीला नाक लावून उभा राही. आत अन्सार. कडूबा बाहेरून हातवारे करी, अन्सार मान हलवी आणि मग स्वतःच्या मनाचं करी. मग दोघं जाळीच्या दोन बाजूंनी भांडत. रेणुका हेल्मेट घालून हे ऐके. एकदा तिने आईला फोनवर सांगितलं, "आई, बाबांना सांग ना गं. सगळे संघ हसतात." आशाबाई म्हणाली, "मला सांगतीस? हितं म्या रोज म्हणती, अवं अंथरुणात तरी पाय धुवून या, निम्म्या छावणीचं डांबर चादरीवर आणलंय. ऐकत्यात व्हय?"

हिवाळा त्याने अनवाणी काढला. गॅरेजमध्ये अंगठ्यावर पाना पडला, नख काळं झालं. फुलंब्रीचं एक जुनं गिऱ्हाईक दर खेपेला विचारी, मिस्त्री, बूट सापडले का? कडूबा हसण्यावारी नेई. हट्टी माणसाला लोकांच्या थट्टेचं काहीच वाटत नाही, ते सगळं घरच्यांना वाटतं.

आणि मोसम मात्र रेणुकाला मानवला. पहिल्या मुक्कामाला तिने एक शर्यत जिंकली, दुसऱ्याला दोन. तिसरा मुक्काम संपला तेव्हा ती गुणांत सगळ्यांच्या पुढे होती. बंगळूरचा एक मुलगा तेवढा अगदी टाचेला टाच लावून मागे. प्रत्येक शर्यत संपली की रेणुका हेल्मेट काढून जाळीपाशी येई. कडूबा तिला आधी डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळून घेई आणि मगच विचारी, "कितवी आलीस?" तिला वाटे, बाबांचं लक्ष कुठे असतं कोण जाणे.

शेवटचा मुक्काम चेन्नईजवळ, मार्चात. सिमेंट असं तापलेलं, की कडूबा जाळीपाशी एका जागी दहा आकडे मोजेपर्यंतही पाय ठेवू शकत नव्हता. पहिली शर्यत ठीक झाली. दुसऱ्या शर्यतीत मागून आलेली गाडी रेणुकाच्या मागच्या चाकावर चढली. तिची गाडी गरकन फिरली आणि कडेच्या टायरांच्या भिंतीत घुसली.

धूळ खाली बसेपर्यंत कडूबाचे हात जाळीतून सुटले नाहीत. मग रेणुका गाडीतून बाहेर आली, दोन्ही हात वर करून दाखवले आणि चालू लागली. कडूबाने तिथूनच आभाळाकडे हात जोडले. आईने राखलं, आईने राखलं, एवढंच तो पुटपुटत होता.

गाडी मात्र राखलेली नव्हती. मागच्या चाकाचे दोन दांडे वाकलेले, चाक कबुतरासारखं मान वाकडी करून बसलेलं. शेवटची शर्यत दुपारी. बंगळूरच्या मुलाने दुसरी जिंकली होती, म्हणजे आता रेणुकाला शेवटच्या शर्यतीत पहिल्या तिघांत येणं भाग होतं. त्यात घाईघाईने काम करताना अन्सारचा तळहात तापलेल्या नळीला चिकटला. पट्टी बांधून तो बाहेर आला तेव्हा त्याला पानाही धरवत नव्हता. दोन शर्यतींच्या मधली दुरुस्ती पिटमध्येच करायची असा नियम, आणि संघाचे बाकीचे मिस्त्री दुसऱ्या गाडीत गुंतलेले.

रेणुका फाटकापाशी आली. "बाबा, आत या."

कडूबाने पायांकडे पाहिलं.

"आज ते नको, बाबा. ते चाक तुमच्याशिवाय सरळ होणार नाही."

"तुला कळत नाय, रेणू," कडूबा म्हणाला. "एवढ्या भिताडातून तू चालत बाहेर आलीस, ती काहून? माझे पाय उघडे होते म्हणून. आता बूट घातले आन् तुला काय झालं तर..."

रेणुकाच्या कपाळाला आठी पडली. "पण नवस तर जिंकायचा होता."

"तोंडानं तसंच बोललो व्हतो."

सगळा मोसम तिच्या डोळ्यांसमोरून गेला असावा. ते डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळणं, मग नंबर विचारणं. तिला राग आला, आणि तो खरा राग होता. आपण ज्यासाठी जिवाचं रान करतोय, ते आपल्या बापाने मागितलंसुद्धा नव्हतं.

"मी जाणार आहे, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "चाक वाकडं असलं तरी जाणार. सरळ करून द्यायचं का तसंच पाठवायचं, ते तुम्ही बघा."

असं बोलून ती आत निघून गेली. कडूबा उभाच राहिला. पाय टेकवत नव्हता आणि उचलतही नव्हता. इतके दिवस लेकीचा जीव त्याच्या पायांत होता. आता तो हातात आला होता, आणि हात आत नेण्यासाठी पाय झाकावे लागणार होते.

अन्सार फाटकाच्या कडेला खाली बसला आणि एका हाताने आपल्या बुटांच्या नाड्या सोडू लागला. "घाल," बूट पुढे सरकवत तो म्हणाला.

"नवस मोडंल."

"कैसा मोडेल? तू घातले, मी काढले. कुणाचे तरी पाय उघडे राहिले म्हणजे झालं. तू आत जा, मी ठैरतो इथं."

"अन्सार, देवी माझी हाय."

"हौ, तुझी. आन् पोरगी? ती काय एकट्या तुझीच हाय?"

कडूबा खाली बसला. त्याने बूट घातले. पाय इतक्या महिन्यांत पसरले होते, ते अन्सारच्या बुटांत कोंबावे लागले. फाटकावरच्या माणसाने सुटलेल्या नाडीकडे बोट दाखवलं, कडूबाने ती बांधली, आणि फाटक उघडलं.

आत त्याने थेट कामाला हात घातला. एक दांडा बदलला, दुसरा ठोकून सरळ केला, गाडीच्या दोन्ही अंगांना दोरा ताणून चाकांची ओळ लावली आणि पुन्हा लावली. रेणुका गाडीत बसली तेव्हा त्याने पट्टे ओढून पाहिले. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. पण निघताना त्याच्या मनगटावर हात ठेवला.

दुसरी शर्यत अर्धवट राहिल्याने रेणुकाला सगळ्यांत मागून सुरुवात करायची होती. कडूबाने आजवर शर्यत जाळीतून तुकड्यातुकड्याने पाहिलेली. आता ती समोरून जात होती आणि प्रत्येक फेरीला रेणुका एकेक गाडी गाठत होती. वळणावर मागचं चाक दोरीवर चालल्यासारखं सरळ. सहावी, मग पाचवी. चौथी झाली तेव्हा कडूबाला कळलं की आपण ओरडतोय. "घुस, रेणू, घुस." धड आण म्हणणारा हाच तो माणूस, पिटच्या कठड्यावर मुठी आपटत होता. शेवटच्या वळणावर ती तिसऱ्याच्या बरोबरीला आली, अर्धी गाडी पुढेही गेली, आणि सरळ रस्त्यावर तो पुन्हा नाकभर पुढे सरला.

रेणुका चौथी आली. वरची गाडी बंगळूरच्या मुलाला गेली.

ती गाडीतच बसून राहिली. तिच्याजवळ जायचं धाडस कडूबाला झालं नाही. तो फाटकाबाहेर आला. अन्सार होता तिथेच उभा होता, भर उन्हात, तापल्या सिमेंटवर, एकदा या पायावर, एकदा त्या. सावली चार हातांवर होती.

"सावलीत काहून नाय गेलास?" कडूबाने विचारलं.

"तू कधी गेलता?"

कडूबाने पाण्याचा कॅन आणला, अन्सारला कडेला बसवलं आणि त्याच्या पायांवर पाणी ओतू लागला. तळव्यांना फोड आले होते. अन्सार "अरे सोड, सोड" म्हणत पाय मागे घेत होता. आणि मग कडूबाला रडू आलं. अन्सारला वाटलं, फोडांपायी. "बरं होतं रे दोन दिवसांत," तो म्हणाला.

रेणुका आली. हेल्मेट काखेत, डोळे लाल. बापाला असं बघून ती थबकली. "बाबा, तुम्ही मागितलं ते तर मिळालं तुम्हाला. मी धड आहे. आता का रडताय?"

"आत गेलो आन् लालूच सुटली," कडूबा म्हणाला. "एकच नंबर पायजे व्हता गं, रेणू. एकच."

 आपल्याला हवं आहे ते बापाला हवंच नव्हतं, हे रेणुकाला आज फाटकापाशी कळलं होतं, आणि शर्यत हरण्याआधीच ती तिथे एक हार खाऊन आली होती. ती त्याच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसली, हेल्मेट बाजूला ठेवलं, कॅन त्याच्या हातातून घेतला आणि अन्सारचाचाच्या दुसऱ्या पायावर पाणी ओतायला लागली.