पटाले चालत गेलेली जोडी

मी तिसरी पास. चौथीत गुरुजींनी कान पिळला, मी पाटी तिथंच ठेवून घरी आलो आणि ती आणायला पुन्हा गेलो नाही. म्हणून लिहिण्यात चुका निघतील, निघोत. गोष्टीत चूक निघणार नाही.

पोचण्यापेक्षा चालणं मोठं, असं कीर्तनकार सांगतात. एकेकाळी मीच ते चारचौघांत सांगायचो, तेही छाती पुढं काढून. आता कोणी म्हटलं की मी गप्प बसतो. का, ते लिहितो.

आमचं गाव आसगावपासून कोसभर. सगळा धानाचा मुलूख. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात लाखनीकडच्या एका गावात पट भरणार होता. पट म्हणजे बैलांची शर्यत. हलक्या छकडीला जोडी जुंपतात, हाकणारा वर उभा राहतो आणि सरळ पट्टीवर जोडी सोडतात. जी जोडी कमी वेळात टोक गाठते तिचं नाव होतं. पट्टी केवढी आणि वेळ केवढा! बिडी पेटवेपर्यंत सारं संपते.

माझी जोडी नावाजलेली होती. उजवीकडे पांढरा, डावीकडे बांडा, अंगावर काळे-पांढरे पट्टे असलेला. पांढरा मी बाजारातून आणला होता. बांडा घरचाच, गोठ्यात जन्मलेला. दोघांना मी दोन वर्षं पळायला शिकवलं. आमच्या बांध्या, म्हणजे धानाचे तुकडे, लहान-लहान, प्रत्येकीला धुरा, म्हणजे बांध, आडवा, तिथं बैल काय पळणार? सरळ जागा गावात एकच, तलावाची पाळ. पाणी सोडायचं तुडूम आहे तिथून जोडी सोडायची ती पाळीच्या टोकाच्या मोहाच्या झाडापर्यंत. झाडाखाली थांबलो की दोघांना कणकेत मळलेला गुळाचा गोळा द्यायचा. रोज, न चुकता. बायको एकदा म्हणाली होती, "अजी, रोज त्याच जागी कायले देता गूळ? कदी इकडं द्या, कदी तिकडं द्या." मी म्हटलं, "तू भाकर पाहा, बैलाचं मले शिकवू नको."

पटाच्या आठवडाभर आधी माझा साळा, बायकोचा भाऊ, आला. शहापूरचा, मोठ्या सडकेवर घर. त्याचीही जोडी पटात होती.

"भाऊजी, मी ट्रक लावून राहिलो. तुमच्या गावापावतर पाठवतो, तुमची बी जोडी चढवून टाका."

"माझे बैल का सिमेटचे पोते आहेत, ट्रकात चढवाले?"

"दोन दिवस चालून थकतीन ना जी."

"बैल चालून थकत नाई, उभा राहून थकते. सडकेवर राहून तुमी लोकं बैल इसरले बाबू. दिवसभर ट्रक मोजता."

चावडीपुढं दहा माणसं बसली होती, ती हसली. साळ्याला ते लागलं. म्हणाला, "बरं जी. अन् हारले तर?"

"हारलो तर जोडी तुझी. तिथल्या तिथं दोर तुझ्या हातात."

"लोकं आयकून राहिले बरं भाऊजी."

"आयकू दे. म्हनूनच बोललो."

जाताना काय थाट होता! दोन दिवसांची वाट, मधे एक मुक्काम. बांध्यांत लाखोरीचं पीक उभं होतं, धुऱ्यावरून चालताना बैल वाकून तोंडभर ओढायचे आणि शेतवाला रागवायच्या ऐवजी विचारायचा, "कोन्या गावची जोडी, बुवा?" मी गावाचं नाव सांगायचो, स्वतःचं सांगायचो नाही. मुक्कामाच्या गावात एका म्हातारीनं दोघांच्या खुरांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, मला आंबिलाची वाटी दिली. म्हणाली, "जिंकून ये रे बापू, मंग इकडूनच जाजो." मी ताठ मानेनं म्हटलं, "इकडूनच येईन, माय." वाटेत भेटेल त्याला मी सांगत होतो, पटात काय आहे, खरी मजा चालण्यात आहे. मला तेव्हा ते खरंच वाटत होतं. दोन्ही बैल माझ्या दोन्ही बाजूंना होते, आणखी काय पाहिजे?

पटाच्या मैदानात साळ्याची जोडी ट्रकातून उतरली तेव्हा थरथरत होती. मी लोकांना बोट दाखवून हसलो. ती पळाली मात्र चांगली, टोकापर्यंत.

मग माझा नंबर आला. हाकणारा मीच, दुसऱ्याच्या हाती दोर मी कसा देईन? झेंडी पडली आणि जोडी सुटली. इतकी वर्षं झाली, पण तो वारा अजून कानात आहे. पायाखालची छकडी जमिनीला लागत नव्हती. दोन्ही बाजूंची माणसं नुसती रेघ दिसत होती. कोणी ओरडलं, "गेली रे, गेली! घेतली यानं!" मलाही वाटलं, घेतली.

आणि जोडी थांबली.

हळू झाली नाही, बिचकली नाही, आडवी गेली नाही. थांबली. मी तोंडावर जुवावर पडलो, ओठ फुटला. मान वर करून पाहतो तर टोक पुढं दिसत होतं, तिथं उभी माणसं दिसत होती. मी ओरडलो, शेपट्या पिळल्या, आयुष्यात कधी मारलं नव्हतं ते मारलं. बैल हलेनात. पांढरा डोकं वर करून इकडेतिकडे काहीतरी शोधत होता. बांड्यानं मान वळवली आणि माझ्या हाताला जीभ लावली. ओली, खरबरीत जीभ. हातात दोर होता, दुसरं काही नव्हतं.

मग एकजण बोलला, "काय बुवा, टेसन आलं का?" दुसरा म्हणाला, "चहा घेऊन निंगतीन ना भाऊ, घाई कायची!" मग जे हसू फुटलं ते मी तरी दुसऱ्या कुठल्या पटात ऐकलं नाही.

मला कळत होतं आणि कळत नव्हतं. गर्दी पांगल्यावर मी पट्टीच्या सुरुवातीपासून खुरांच्या खुणा संपतात तिथवर पावलं मोजली. आकडा डोक्यात धरून ठेवला.

साळा जवळ आला. तो हसत नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. हळू आवाजात म्हणाला, "भाऊजी, जाऊ द्या. चावडीवरची बोलायची गोठ होती ते. बैल घरी न्या."

"दोर धर."

"बाई का म्हनंल मले?" आपल्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला, तो बाई म्हणायचा.

"बाई मधात आनू नको. मी दहा मानसायपुढं बोललो. दोर धर."

त्यानं धरला नाही. मी त्याच्या मनगटाभोवती दोराचा वेढा दिला आणि पाठ फिरवली. बैल ट्रकात चढवताना फळीवर खुरांचा आवाज झाला. मी मागं पाहिलं नाही. ताठ चालत राहिलो. त्या वेळी मला वाटलं, हरलो तरी माणूस म्हणून मीच मोठा ठरलो.

परतीची वाट तीच. तेच धुरे, तीच लाखोरी. जाताना ज्यांनी विचारलं होतं कोण्या गावची जोडी, ते आता म्हणत होते, "बैल कोठी हायेत, बुवा?" पहिल्याला मी खरं सांगितलं. त्यानं असं पाहिलं की दुसऱ्याला सांगायची हिंमत झाली नाही. मुक्कामाच्या गावात ती म्हातारी घमेलंभर पाणी घेऊन दारात उभी. मी म्हटलं, "मागून ट्रकात येऊन राहिले, माय." ज्यानं ट्रकाला नाव ठेवलं तोच मी, एवढं सरळ खोटं बोललो. तिनं पाणी तसंच भरलेलं आत नेलं. मी थांबलो नाही, पुढं चालत गेलो.

घरी आलो तेव्हा दिवस मावळायला होता. बायको अंगणात होती. तिनं माझा फुटलेला ओठ पाहिला, मग माझ्या मागं रस्ता पाहिला, बराच वेळ पाहिला.

"कोठी हाय बांडा?"

"तुझ्या भावाकडं. हारलो. शब्द दिला होता."

"कोनं दिला शब्द?"

"मी दिला."

"बांडा तुमचा कदी होता?"

अंगावर कोणी तलाव फोडला असता तरी एवढा धक्का बसला नसता. बांड्याची माय तिच्या बापानं आंदणात दिलेली गाय. गाय व्याली आणि तिसऱ्या दिवशी मेली. वासराला या बाईनं भाताची पेज बोटानं चाटवून जगवलं, हिवाळ्यात चुलीपाशी बांधलं. हे सारं माझ्या घरात, माझ्या डोळ्यांपुढं झालं होतं. तरी दहा माणसांपुढं "जोडी तुझी" म्हणताना ते माझ्या मनात आलंसुद्धा नाही. मी तिचा बैल तिच्याच भावापुढं पणाला लावला होता, आणि तिला विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाळीवर जाऊन तुडुमापासून मोहापर्यंत पावलं मोजली. पटाच्या आकड्यात आणि त्यात चारच पावलांचा फरक निघाला. बैल चुकले नव्हते. मी शिकवलं तेवढं ते पळाले आणि जिथं पोचायचं असं मी सांगितलं तिथं पोचले. घरी येऊन हे बायकोला सांगणार होतो, पण घर बंद होतं. शेजारीण म्हणाली, सकाळच्या गाडीनं माहेरी गेली.

मी गेलो नाही. जायला पाहिजे होतं, गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाऊ, हा एक विचार, आणि मी कायले जाऊ, हा दुसरा. दोन्हींनी मिळून मला ओसरीवर बसवून ठेवलं.

सहाव्या दिवशी, उन्हं कलताना, गावाच्या रस्त्यानं ती येताना दिसली. पायात चपला नाहीत, लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेला. हातात दोर, आणि दोराला बांडा. एकटा बांडा.

"पांढरा?" मी विचारलं.

"पांढरा तुमचा होता. तो हारला. माझा मी घेऊन आली."

"भाऊ का म्हने?"

"दोन्ही देत होता. मीनं एकच घेतला. तुमचा शब्द मी कायले मोडू?"

शहापूर ते आमचं गाव. मधे वैनगंगेचा मोठा पूल, त्यावर ट्रकांची रांग, कर्कश हॉर्न. ट्रकातून उतरल्यापासून भेदरलेला बैल आणि एकटी बाई. पुलावरून तिनं त्याला कसं आणलं? मुक्काम कुठं केला? कोणाच्या अंगणात बांधला, तिला कोणी काय विचारलं, तिनं काय सांगितलं? मी त्याच संध्याकाळी विचारलं. ती बांड्याचे खूर धूत होती. म्हणाली, "आली ना? मंग झालं."

पुढं दहा-बारा वर्षं मी वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारत राहिलो. कधी हसत, कधी चिडून, एकदा तर हात जोडून. तिनं सांगितलं नाही. माझी दोन दिवसांची वाट मी गावभर सांगितली होती, लाखोरीसकट. तिच्या वाटेतलं एक झाडही मला माहीत नाही.

त्या वर्षी धान रोवण्याआधीच्या चिखलणीला माझ्याकडे एकच बैल होता. एका बैलानं नांगर चालत नाही. गावात ज्याचा एक बैल मेला होता अशा एकाच्या घरी जाऊन मला बोलावं लागलं, "तुझा एक, माझा एक, जोडी करू." तो म्हणाला, "तुमच्या घरचा बांडा देता का?"

मी म्हटलं, "थांब. घरी इचारून येतो."