वहाणा न्यायला कोण आलं होतं?

आधीच सांगतो, भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं काहीही मी मानत नाही. पौडच्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवणारा माणूस मी! तरी एकोणीसशे साठच्या आसपासची ही गोष्ट लिहिताना आजही अंगावर काटा येतोय.

माझी सोनामावशी मुळशीकडच्या माले गावची. तिचे यजमान आगबोटीवर खलाशी होते. बोट बुडाल्याचं पत्र येऊन आठ वर्षं झाली, पण मावशी कुंकू पुसायला तयार नव्हती. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानणार नाही, म्हणायची. घरी राहिलेल्या त्यांच्या वहाणांना नेमानं तेल लावायची. मग एक दिवस स्वतःच म्हणाली, "मला समुद्र दाव. ह्यांच्या वहाणा देऊन येते."

ताम्हिणीची पायवाट उतरून निजामपूर, पुढे एसटीनं श्रीवर्धन. समुद्र आम्ही दोघांनीही पहिल्यांदाच पाहिला — मी तर पोरासारखा धावत सुटलो! सकाळचे दहा वाजले असतील. लख्ख ऊन, ओहोटी, आणि किनाऱ्यावर आमच्याशिवाय चिटपाखरू नाही.

मावशीनं ओल्या वाळूत वहाणा ठेवल्या, हात जोडले आणि पाठ फिरवली. वीसेक पावलं गेलो असू. मी सहज वळून पाहिलं... वहाणा नव्हत्या.

लाटेनं नेल्या म्हणावं, तर पाणी तिथवर पोचलंच नव्हतं. मी धावलो. पाण्यातून अनवाणी पावलं वर आली होती — मोठी, पुरुषाची. वहाणांच्या जागेपर्यंत. आणि तिथून पाण्याकडे परत गेलेले ठसे... वहाणांचे! टाचेचे खिळेसुद्धा उमटलेले!

तेवढ्यात एक मोठी लाट चढून आली. मी वेड्यासारखा हातांनी वाळूचा बांध घालू लागलो. कुणाला तरी दाखवायला हवं होतं ना हे! मावशीनं माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे. जाऊ दे त्यांना."

लाट गेली, वाळू कोरी झाली. मावशीनं ओंजळभर पाणी घेऊन आपल्या हातानं कपाळ धुतलं.

नंतर कितीतरी वेळा मी त्या किनाऱ्यावर गेलो, जाणत्या कोळ्यांना विचारलं, डोकं खाजवलं. उत्तर नाही. आजही नाही. मावशी त्यावर एकदाच बोलली, परतीच्या एसटीत, खिडकीबाहेर बघत —

"उशीर केला. पर आलं."