दोन देव आणि काँटेसाची चार चाकं

“बाये, माका एक सांग. चाकाक एवढी भोकां कित्याक व्हयी? चिखल आत जावचो म्हणान?”

गुरुदासनं हे विचारलं तेव्हा त्याची लेक गौरवी मोबाइलातली चाकं बोटानं मोठी करून दाखवत होती. काळी, जाळीदार, अलॉयची. ती म्हणाली, बाबा, भोकं नव्हेत, डिझाइन ती. गुरुदासनं मान हलवली. समजलं तरी तो मान हलवायचा, नाही समजलं तरी हलवायचा, आणि त्याच्या सगळ्या भानगडी तिथूनच सुरू व्हायच्या.

गुरुदास आमच्या वाड्यावरचा, पेडण्याकडचा. आधी शिरगावला खाणीवर टिपर चालवायचा. खाणी बंद पडल्या तसा गावी आला आणि पाण्याचा टँकर धरला. मांद्र्या-मोरज्याच्या हॉटेलांना पाणी पोचवतो. बायको पोर लहान असतानाच गेली. गौरवीला वाढवली ती थोरल्या भावानं, कृष्णनाथानं, आणि कमलाक्षी वैनीनं. घर एक, चूल एक.

गाडी कृष्णनाथाची. तो एका खाणवाल्याचा ड्रायव्हर, हयात काँटेसावर गेली. लांब नाक, रुंद, बसकी. चालू केली की आवाज आधी छातीत बसायचा, मग कानात. शेठनं नवी गाडी घेतली तेव्हा ही जुनी ह्याच्या पदरात टाकली. पुढं कृष्णनाथाचे डोळे अधू झाले, टायर कुजले आणि गाडी खोपीत चिऱ्यांवर चढून बसली. कोंबड्या तिच्या पोटाखाली अंडी घालायच्या. गौरवीचं लग्न ठरलं आणि ती म्हणाली, मांडवात जाईन तर काकाच्या काँटेसातून. त्या दिवशी कृष्णनाथ एक मूद भात जास्त जेवला.

इंजिन म्हापशाच्या मेस्त्रीनं चालू करून दिलं. अडलं ते चाकांवर.

कृष्णनाथाचं म्हणणं, गाडीची मूळची लोखंडी चाकं आहेत, गंज घासा, रंग मारा, लावा. त्यांवरच्या चकचकीत टोप्या त्यानं जुन्या बनियनींत गुंडाळून माळ्यावर जपल्या होत्या. दारांवरच्या चांदीसारख्या पट्ट्या तो स्वतः चिंचेनं घासत बसला. गौरवीला ते जुनाट वाटायचं. ती तुयेला कारखान्यात कामाला. आपल्या पगारातून अलॉयची चाकं आणून मोकळी झाली, आणि पट्ट्याही काळ्या करायच्या म्हणाली. गुरुदासनं सकाळी भावाला होय म्हटलं, संध्याकाळी लेकीला. मान हलवणाऱ्याचं असंच होतं.

कृष्णनाथाला खोपीत नवी चाकं दिसली. तो ओरडला नाही. टोप्या परत बनियनीत गुंडाळल्या आणि म्हणाला, “त्या जाळयेच्या चाकांचे गाडयेत मी पाय घालूचंय नाय. आनी मांडवातय येवचंय नाय. आता तू काय ता बघ.”

हे बोलणं साधं नव्हतं. बायको नसलेला माणूस आमच्याकडे कन्यादानाला बसत नाही. बसायचं होतं कृष्णनाथानं आणि वैनीनं. तो आला नाही तर गौरवीचा हात नवऱ्याच्या हातात द्यायचा कोणी? लग्नाला आठवडा उरलेला. लेकही काकाच्या वरताण. टोप्या लावलात तर मी रिक्षातून जाते, म्हणाली, आणि काकाकडे पाठ करून जेवायला बसली.

गुरुदासनं डिचोलीचा टायरवाला गाठला. मनात एकच आशा, दोन्हींतलं एक चाक बसत नाही असं तो सांगेल आणि आपण सुटू. टायरवाल्यानं दोन्ही मापली. नटांची भोकं जुळतात, टायर एकच माप, कुठलीही लाव, म्हणाला. गुरुदास चार नवे टायर घेऊन आला आणि जाताना होता त्याहून जास्त गोंधळून आला.

मग आमचा माणूस जे करतो ते त्यानं केलं. देवाकडे गेला. सातेरीच्या देवळात रामचंद्र गुरवानं कौल घ्यायला देवीला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. दादाची जुनी चाकं लावू काय, असं गुरुदासनं विचारलं. उजवी पडली. हलका होऊन घरी आला, पण गौरवीचं तोंड बघून सांगायचा धीर झाला नाही. त्याला वाटलं, हिच्या चाकांना देवानं डावी दिली की हिला मुकाट पटेल. दुसऱ्या दिवशी रवळनाथाकडे गेला आणि विचारलं, पोरीची नवी चाकं लावू काय? रवळनाथानंही उजवी दिली.

रामचंद्र गुरव दोन्ही देवळांचा. त्यानं कपाळाला हात लावला. एक सवाल दोन दारांत कोण विचारतो, म्हणून त्याला बरंच सुनावलं. गुरुदास पायरीवर बसून राहिला. देवीचं मोडावं तर देवी, देवाचं मोडावं तर देव. उठेना तेव्हा गुरवच शेवटी म्हणाला, “देवीन लाव म्हटल्यान. देवान लाव म्हटल्यान. नको म्हणान कोणीच सांगूक नाय. आता तू दोन्ही लाव, आनी माका घरा जावक दी.”

दोन्ही कशी लावायची? पुढं एक जात, मागं एक जात? खोपीत बसून त्यानं चाकं लावली, काढली. कमलाक्षी वैनी कोंबड्यांना दाणे टाकता टाकता बघत होती. म्हणाली, “बैल झालंस रे तू. तुझो दादा डावीकडसून चढतलो, चेडू उजवीकडसून. कोणाक दुसरी बाजू खंय दिसता?”

तसंच केलं. डावीकडे लोखंडी चाकं, टोप्या, चांदीच्या पट्ट्या. उजवीकडे अलॉय आणि काळ्या पट्ट्या. मधली पुढची जाळी कुठल्या बाजूची, ह्यावर गुरुदास पुन्हा अडला. वैनी म्हणाली, तिच्यावर झेंडूच्या माळा घाल, विषय संपला.

कौलाची गोष्ट वैनीनंच नवऱ्याच्या आणि गौरवीच्या कानावर घातली. देवाचा शब्द म्हटल्यावर कृष्णनाथानं कोट काढून उन्हात टाकला. लग्नाच्या सकाळी कोट घालून आला, डाव्या बाजूनं गाडीच्या नाकापर्यंत चालत गेला, एक टोपी बोटानं पुसली आणि तिथूनच मागे वळला. नाकाच्या पलीकडे गेला नाही. गौरवी उजवीकडून आली, तीही शेपटीच्या पलीकडे गेली नाही. मधे वैनी बसली, गाडी गुरुदासनं हाकली.

रस्त्यात डावीकडची माणसं म्हणाली, जुनी गाडी छान राखली. उजवीकडची म्हणाली, पैसे ओतले. मांडवाच्या दारात दोन्हीकडचे एकत्र आले आणि आपण एकच गाडी बघतो काय, ह्यावर त्यांचं जुंपलं. फोटोवाल्यानं गुरुदासला विचारलं, गाडीची खरी बाजू कुठली? गुरुदासनं मान हलवली.

आत भटजींनी बोलावलं तेव्हा कृष्णनाथ पाटावर बसला होता. गौरवीचा हात त्यानं नवऱ्याच्या हातात दिला, वैनीनं वर पाणी सोडलं. गुरुदास खांबाला टेकून उभा होता. रडला नाही, पाणी सांडतंय ते नीट ताम्हनात पडतंय काय, ते बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर टँकर भरताना माणसं त्याला विचारायला लागली, खरं सांग, चांगली कुठली बाजू दिसत होती?

“माका अजून समजूक नाय,” तो म्हणाला. टाकी तोंडापर्यंत आली होती. त्यानं पंप बंद केला, पाइप गुंडाळून मागे टांगला आणि टँकर मोरज्याच्या रस्त्याला काढला. हॉटेलवाल्याचा फोन दोनदा वाजून गेला होता.