सिव्कावरच्या दोन रेघा

आल्प्सच्या या टोकाला, आमच्या बोहिन्य खोऱ्यात, हिवाळ्यातल्या रविवारी प्रार्थना आटोपली की माणसं लगेच घरी जात नाहीत. चर्चच्या अंगणात उभी राहून सिव्काकडे बघतात. सिव्का हा आमचा डोंगर, करड्या गाईच्या पाठीसारखा. नवा बर्फ पडला की दोन दिवसांत त्याच्यावर दोन रेघा उमटायच्या. एक डावी-उजवीकडे सावकाश वळत जाणारी, आणि तिच्या शेजारून दुसरी, भिंतीवर पाल चढावी तशी सरळ वर गेलेली.

"नेझामावशी जाऊन आली वाटतं," कुणीतरी म्हणायचं.

"आणि म्हातारबा पण. बघ की, शिडी लावून गेलाय."

सिव्कावर माणसं वर नेणारा तारेवरचा पाळणा नाही, बर्फ दाबून सपाट करणारं यंत्र नाही, वाट दाखवणारे झेंडे नाहीत. ज्याला स्कीवरून उतरायचं त्याने आधी स्कीवरूनच चढायचं. स्कीच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवायचे, म्हणजे ती पुढे सरकते आणि मागे घसरत नाही. अर्धा दिवस चढायचं आणि उतरणं म्हणाल तर चहा गार व्हायच्या आत संपतं. सपाटीवरच्या लोकांना हा वेडेपणा वाटतो, वाटू दे. खरं काम असतं ते पहिल्याचं. गुडघाभर बर्फातून तो वाट काढतो, त्याच्यामागे बैलगाडीच्या चाकोरीसारख्या दोन चऱ्या उरतात, आणि बाकीचे त्यातून आरामात जातात. आमच्याकडे तो पहिला म्हणजे नेझा, पोदलिपारांची नेझा.

तिचं घर गावातलं सगळ्यात वरचं. डुक्कर कापलं की ज्या कढईत पाणी उकळायचं, त्याच कढईच्या वाफेवर तिच्या बापाने लाकडाच्या फळ्या वाकवून तिची पहिली स्की केली होती. त्या स्कीवरून ती शाळेत गेली, आणि पुढे गावच्या चीजच्या कारखान्यात कामालाही गेली. मोहांत हे आमचं चीज चवीला फार चांगलं, पण त्याचा वास असा की पाहुणा पहिल्यांदा खिडकी कुठे आहे ते विचारतो. नेझाच्या बोटांना तो वास जन्मभर राहिला. लग्न केलं ते लाकडाच्या गिरणीतल्या मातेव्हशी. तो भारी बोलका. "बायको कुठे गेली हे मला विचारावं लागत नाही," म्हणायचा, "रेघ धरून वर गेलं की सापडते." छातीच्या दुखण्याने तो लवकर गेला. त्यानंतरच्या हिवाळ्यात नेझा पुन्हा पहिली वर गेली. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं आणि जाऊ नको म्हणायची कुणाची छाती नव्हती.

तिच्या वाटेचा एकच नियम होता. "चढताना गप्पा मारता आल्या पाहिजेत," ती म्हणायची. "धाप लागून बोलणं थांबलं, तर चूक वाटेची, माणसाची नाही." प्रत्येक वळणाआधी ती थांबायची, काठीची मूठ बर्फात खुपसून आतले थर चाचपायची, वर बघायची, मग वळायची. त्या वाटेवरून डॉक्टरीण गेली, पाद्री गेले, नवी लग्न झालेली जोडपी एकामागे एक गुजगोष्टी करत गेली. सगळे मान खाली घालून, बडबड करत. याचा मात्र नेझाला राग यायचा.

"अरे, मान वर करून बघत जा की जरा! मी काय देव आहे?"

"देव कुठे दरवर्षी वाट काढून देतो, मावशी?" असं बेकरीवाला प्रिमोझ म्हणायचा.

आता त्या दुसऱ्या रेघेबद्दल. ती येर्नेयची, म्हणजे मातेव्हच्या थोरल्या भावाची. जंगलखात्यात जन्म काढलेला, हट्टी आणि मिशाळ. नेझाच्या आधी वाट काढायचा मान त्याचा होता. त्याची वाट नाकासमोर, थेट वर. माथ्यावर पोहोचलेल्या माणसाला हातात कप धरवत नसे. मग एका हिवाळ्यात नेझाने शेजारून आपली वाट काढली आणि दुपारपर्यंत सगळं गाव तिच्या वाटेवर सरकलं. त्या संध्याकाळी येर्नेय खाणावळीत टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "त्या मऊ वाटेवर माझी स्की पडली, तर ती कापून चुलीत घालीन!" तेव्हापासून डोंगरावर दोन रेघा. दोघांत भांडण असं नव्हतं. सणावारी एका टेबलावर बसायची, एकमेकांना टोमणे मारत सॉसेज खायची.

आणखी एक रीत सांगायला हवी. चढायची वाट उतरताना मोडायची नाही. ज्याने घाम गाळून ती काढली त्याचा तो अपमान, आणि मागून येणाऱ्याचं नुकसान. शेजाऱ्याच्या दुधात थुंकण्याइतकंच ते वाईट. उतरायचं ते बाजूच्या कोऱ्या बर्फातून. मुलांना हे कान पिळून शिकवलेलं असतं, त्यामुळे मोठेपणी त्याचा विचारही करावा लागत नाही.

त्या मार्चमध्ये दक्षिणेचा वारा सुटला, बर्फ पडला आणि वर धुकं बसलं. येर्नेय चीज घ्यायला कारखान्यात आला.

"उद्या सिव्का," तो म्हणाला.

"धुकं आहे."

"मला डोळे आहेत."

"डोळे आहेत रे, वाकणारा गुडघा कुठाय?"

"तू तुझ्या पाळण्यासारख्या मऊ वाटेने जा बाई. मी माझ्या वाटेने समर्थ आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेझा निघाली. बीचच्या रानातून, गुराख्यांच्या उन्हाळी झोपड्यांवरून, वर 'मेंढीची उतरण' म्हणतात त्या उताराच्या पायथ्याशी आली. ही उतरण रुंद आणि साळसूद दिसणारी. तिने पहिलं पाऊल पुढे टाकलं आणि खालचा सगळा बर्फ 'हुंफ' करून खाली बसला, बोटभरच. तिच्या स्कीच्या टोकापासून एक बारीक भेग निघाली आणि धुक्यात गेली. असं झालं की वरचा सगळा उतार सुटून अंगावर येऊ शकतो; नेझा जागच्या जागी उभी राहिली. वरून काही आलं नाही. मग तिने एकेक स्की उचलून तोंड फिरवलं आणि मागे आली.

अशी ती कितीदा तरी परत फिरली होती. त्याचं तिला वाईट वाटत नसे. पट्टे काढून खिशात कोंबले, वाट सोडून डावीकडच्या ओघळीत वळली आणि उतरू लागली. ओघळीत वारा पोहोचला नव्हता, बर्फ पिठासारखा होता. गुडघे आपोआप वाकत होते, बर्फ छातीपर्यंत उडत होता, आणि साठी ओलांडलेली ही बाई धुक्यात एकटीच मोठमोठ्याने हसत होती. आयुष्यात दुसरं काही एवढं तिला आवडलं नाही, हे ती मातेव्हलाही सांगायची आणि तो रुसल्याचं सोंग करायचा.

झोपड्यांशी ती लाकडांच्या ढिगावर बसली. ब्रेड कापला, त्यावर मोहांत फासलं, आणि घास हातातच राहिला.

वाट! आपली वाट तशीच राहिली. नीट, सुबक, थेट मेंढीच्या उतरणीत गेलेली. आपण रीत पाळली, बाजूने उतरलो, वाटेवर ओरखडासुद्धा नाही. धुक्यात कुणालाही वाटणार की नेझा पलीकडे गेली, म्हणजे पुढे सगळं ठीक आहे.

पण आज येणार कोण? आडवार होता. येणार फक्त येर्नेय, आणि तो मरेल पण तिच्या वाटेवर चालणार नाही. त्याची सरळ वाट उजवीकडच्या खडकाळ सोंडेवरून जाते, तिथे वाऱ्याने बर्फ उरूच दिलेला नसतो. हट्टामुळेच तो सुरक्षित होता. नेझाने घास तोंडात टाकला. घरी चूल होती, जवाचं सूप होतं. तिने स्की चढवल्या आणि खाली निघाली.

रानाच्या पहिल्या झाडापर्यंत गेली आणि थांबली. आणि समजा आलाच कुणी तर?

तिने आधी स्वतःला शिव्या दिल्या, मग येर्नेयला. पट्टे ओले झाले होते, चिकटेनात. पिशवीतल्या सुतळीने ते स्कीला बांधले आणि ती पुन्हा चढू लागली.

झोपड्यांच्या वर ती आपल्या वाटेला मिळाली, आणि तिथे चऱ्यांच्या दोन्ही बाजूंना काठ्यांच्या खुणा दिसल्या. मोठी गोल कडी. गावात सगळ्यांच्या काठ्यांना आता प्लास्टिकच्या छोट्या चकत्या. वेताची मोठी कडी लावलेल्या जुन्या बांबूच्या काठ्या फक्त एकाकडे होत्या.

नेझाला आधी हसू आलं. मग ती भेग आठवली.

"येर्नेय!"

ती झपाझप निघाली, बोलता येणार नाही इतक्या वेगाने. "येर्नेय, थांब!" धुकं गप्प. आणि पुढच्या खुणा बघते तर त्यांच्यातलं अंतर वाढलेलं. म्हणजे म्हाताऱ्याने हाक ऐकली होती, आणि ऐकून पाय उचलला होता! नको त्या वाटेवर पकडला जाईन म्हणून पळत होता, मुरंब्याच्या बरणीत हात घातलेल्या पोरासारखा. ती जेवढी हाका मारणार, तेवढा तो पुढे जाणार. वरची उतरण आता फार लांब नव्हती.

नेझा थांबली. त्या डोंगरावर तिने जन्मात कधी कुणाला मदतीला बोलावलं नव्हतं.

"येर्नेय! माझा पाय मोडला रे!"

मग बर्फ करकरला. तो येत होता, वाटेवरूनच, वेडावाकडा घसरत, तिची वाट तुडवत. धुक्यातून मिशा बाहेर आल्या, पांढऱ्याफटक तोंडासकट.

"कुठला? कुठला पाय? हलू नकोस!" न वाकणाऱ्या गुडघ्यावर तो धपकन खाली बसला.

"दोन्ही धड आहेत."

तो बघतच राहिला. "मग बोंबललीस कशाला?"

"मेंढीची उतरण बसतेय. भेग गेलीय. मी तिथून परत फिरले आणि वाट तशीच ठेवून बाजूने उतरले. माझी चूक झाली, येर्नेय. मोठी चूक झाली."

त्याने वर धुक्यात बघितलं. मग खाकरला. "मी तुझ्या वाटेत नव्हतोच. फक्त ओलांडत होतो."

"झोपड्यांपासून इथपर्यंत ओलांडत होतास?"

"धुक्यात कळतं का माणसाला!"

नेझाने पिशवीतून ब्रेड काढून त्याला दिला. त्याने वास घेतला, नाक मुरडलं आणि खाल्ला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "मातेव्ह गेल्यापासून येतो. धुकं असेल तेव्हा. उघडीप असली की माझी काढतो, सगळं गाव बघत असतं ना. गुडघा वाकत नाही गं आता." त्याने मिशांवरचा बर्फ झटकला. "आणि तुझ्या वाटेवर चाललं की वाटतं, तो पुढे बडबडत चाललाय."

नेझाचे डोळे भरून आले. ती कायम पुढे असायची. मागून कोण येतं हे तिने कधी वळून पाहिलंच नव्हतं. तिने हातमोज्याने नाक पुसलं. "चल, ऊठ. वाट मोडायला हवी."

दोघांनी मिळून ती मोडली, थेट झोपड्यांपर्यंत, आडव्या स्कीने तुडवत. येर्नेय मधेच थांबला.

"इतकी वर्षं वाटत होतं, एकदा हिचा भुगा करावा. आता जीव होत नाही."

"तुडव मुकाट्याने."

रविवारी ऊन पडलं. चर्चच्या अंगणातून सगळ्यांना दिसलं. एकच रेघ, तीही कुत्र्याने चावल्यासारखी. खाणावळीत एकच गलका झाला. कुणी केलं हे?

"मी मोडली," येर्नेय म्हणाला.

मग काय विचारता! प्रिमोझने सगळ्यांसमोर त्याची लाज काढली. खाणावळवालीने त्याच्यापुढे कॉफी आदळली. आणि मेंढीची उतरण तर सुटलीच नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. मे महिन्यापर्यंत साळसूदपणे पडून राहिली आणि वितळून गेली. दाखवायला पुरावा नव्हता, पण 'तिचीच वाट चुकली होती' एवढं म्हणून येर्नेयला मोकळं होता आलं असतं. तो मिशा चावत, मूग गिळून बसून राहिला.

तेवढ्यात नेझा चीजचा डबा घेऊन आत आली. दारातच तिने सगळं ऐकलं.

"मी मोडायला लावली," तिने डबा खाली ठेवला. "उतरण बसत होती. वाट चुकीच्या जागी गेली होती. माझी वाट."

खाणावळवालीने येर्नेयपुढे आदळलेला कप नीट केला.

"तुझी वाट? चुकीची?" प्रिमोझने विचारलं.

"माझी. आणि तुम्ही मान खाली घालून गेला असतात, सगळेच्या सगळे."

प्रिमोझ डोकं खाजवत राहिला. मग त्याला सुचलं, "पण मग येर्नेय तिथे काय करत होता?"

येर्नेयची मान खाली गेली. नेझाने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"तो त्याच्या वाटेने चालला होता," ती म्हणाली. "मी हाक मारली म्हणून आला."

तेव्हापासून ती कुठूनही परत फिरली की आपली वाट आपल्याच स्कीने मोडत खाली येते, कुणी काही म्हणो. गावाला आधी विचित्र वाटलं, मग इतरही तसंच करू लागले.

पुढच्या हिवाळ्यात सिव्कावर एकच रेघ दिसली. म्हाताऱ्याने डोंगर सोडला, असं लोक म्हणाले. त्या रेघेचा चढ पहिल्याहून मंद होता, आणि वळणं एवढी रुंद की न वाकणारा गुडघासुद्धा सहज फिरावा.

"नेझामावशी, वाट फारच लोळायला लागलीय तुझी," प्रिमोझ कारखान्यात म्हणाला. "थकलीस की काय?"

"थकले रे बाबा," नेझा म्हणाली, आणि त्याच्यासाठी मोहांत कापू लागली.