चाचांनी निवडलेले हमूर

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी दुबईत मत्स्यखात्यासाठी हमूर मोजायचे. हमूर म्हणजे आपल्या कोकणातला हेकरू. समुद्रात तो किती उरलाय हे काही आत डोकावून मोजता येत नाही. म्हणून बाजारात आलेल्या माशांची लांबी घ्यायची, त्यांच्या कानातल्या इवल्या हाडावरची वर्षावर्षाची वलयं वाचून वय काढायचं आणि अंदाज बांधायचा. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय! लहान हमूर विकायला बंदी आणायची की नाही, हे त्या अंदाजावर ठरणार होतं.

दर सोमवारी सकाळी मी मोजायची फळी घेऊन देराच्या मासळी बाजारात जायचे. बाकीच्या गाळ्यांवर मी सगळ्यांच्या पायात यायचे. एकाच गाळ्यावर माझं स्वागत व्हायचं, रत्नागिरीकडच्या एका चाचांच्या. पहिल्याच दिवशी माझं मराठी ऐकून ते हरखले. “अरे, आपल्याकडचीच निघालीस की! बस बाय, चाय पी.” तेव्हापासून माझ्यासाठी एक क्रेट बाजूला काढलेला असायचा. जवळजवळ वर्षभर मी आरामात बसून तोच क्रेट मोजला. मासे मोठे, चांगले वयस्क, म्हणजे समुद्रात हमूर सुखरूप. आमचे इजिप्शियन साहेब खूश, मीही खूश.

एका शुक्रवारी अल कुसैसच्या आमच्या बिल्डिंगमधली शेजारीण पिशवी घेऊन आली. “तुझ्या चाचांकडूनच आणले गं. टेबलाखाली ढीग असतो.” पिशवीत जेमतेम वीतभर लांबीचे हमूर होते. माझी मुलगी वाकून बघत म्हणाली, “मम्मा, दे आर जस्ट बेबीज!” त्या गाळ्यावर मी एवढा लहान हमूर कधीच पाहिला नव्हता.

सोमवारी मी चहाही घेतला नाही. “चाचा, बारके मासे माझ्यापासून लपवता?”

चाचा चकितच झाले. “लपवतो कसला? पाहुण्यासमोर कधी बारकी मासळी ठेवतात का? तू ऑफिसातून येतेस, म्हणून चांगले चांगले काढून ठेवतो.”

मला त्यांचा राग आला आणि लगेच स्वतःचा जास्त आला. पदवी माझ्याकडे होती, त्यांच्याकडे नव्हे. क्रेट कोण निवडतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला तो मान आवडत होता. ऑफिसात मला कुणी बस म्हणत नसे. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “खलास. वर्ष गेलं,” ते अरबी-इंग्रजीत म्हणाले. मग चष्मा परत चढवत, “यल्ला, चला, स्टार्ट अगेन.” ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी जिन्यात जाऊन रडून घेतलं.

पुढच्या सोमवारी चाचांना म्हटलं, आता निवडायचं नाही, येईल त्यातला दर तिसरा क्रेट मी मोजणार, बारक्यांसकट.

“ही बारकी लिहिलीस तर विकायला बंदी येईल?”

“बहुतेक येईल.”

“माझ्याकडे निम्मा माल हाच असतो, बाय.”

“माहीत आहे, चाचा.”

ते बराच वेळ बर्फ सारखा करत राहिले. बाजूच्या गाळ्यावर कुणीतरी हबीबी हबीबी करत भाव पाडून मागत होतं. मग चाचांनी वाकून टेबलाखालचे क्रेट स्वतःच बाहेर ओढले आणि एकेक मासा फळीवर ठेवू लागले. डोकं ते धरायचे, शेपूट मी. लांबी वाचायची, लिहायची, पुढचा घ्यायचा. सगळे कोवळे, अजून एकदाही अंडी न घातलेले. चार-पाच मासे झाल्यावर, मी शेपूट जरा ताणून लांबी वाचतेय हे बघून, चाचांनी आपला ओला, गार हात माझ्या हातावर ठेवला.

“शेपूट ओढू नकोस, बाय,” ते हळूच म्हणाले. “आहे तेवढंच लिही.”