रेडिओकाकांची तीन मिनिटं

रेडिओकाकांच्या घरात तासातून दोनदा, तीन-तीन मिनिटं, कोणी बोलायचं नाही असा नियम होता. बाहेरच्या खोलीत बोटीवरचं एक पितळी घड्याळ टांगलेलं होतं. त्याच्या तबकडीवर दोन तांबड्या फोडी रंगवलेल्या होत्या, एक सव्वाच्या जागी आणि एक पाऊणच्या. मिनिटकाटा फोडीत शिरला की काका तर्जनी वर करायचे आणि समोर कोणीही असो, त्याचं वाक्य असेल तिथे थांबायचं. एकदा मतं मागायला आलेले एक उमेदवार हात जोडलेल्या अवस्थेत पूर्ण तीन मिनिटं अंगणात उभे राहिले होते. पुढे ते बाजारात सांगत होते, की अख्ख्या रत्नागिरीत माझं इतकं शांतपणे दुसऱ्या कोणी ऐकून घेतलं नाही.

काका जन्मभर मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. त्यांच्या उमेदीच्या काळी समुद्रावरच्या सगळ्या बोटी त्या तीन मिनिटांत आपलं बोलणं थांबवून नुसत्या ऐकत बसायच्या. कोणी संकटात असेल तर त्याची हाक तेवढ्यात कानावर यावी म्हणून. "बुडणाऱ्याचा आवाज बारीक असतो," काका म्हणायचे. "मोठ्याने बोलणारे गप्प बसल्याशिवाय तो ऐकू येत नाही." यावर काकू आतून म्हणायच्या, "इथे कोण बुडतंय? आणि माझा कुकर काही तुमच्या बोटीवर नोकरीला नाही." कुकर खरोखरच नेमका सव्वाला शिट्टी द्यायचा. काकांनी त्याचा निषेध वहीत नोंदवल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी मूळचा कऱ्हाडचा. वीज कंपनीत नोकरी लागून रत्नागिरीला आलो आणि मांडवीच्या रस्त्यावरच्या त्यांच्या घराच्या माडीवर भाड्याने राहिलो. मी वीजवाला आहे हे कळताच काकांनी खोली दाखवायच्या आधीच "या राहायला" म्हणून टाकलं. त्यांनी मला नावाने कधी हाक मारली नाही. "सबस्टेशन, उद्या लाइट जाणार काय?" हाच आमचा सकाळचा नमस्कार. मला दर वेळी ते माहीत असायचं असं नाही, पण काकांना हे पटत नसे. "पोस्टमनला पत्र कुठलं ते ठाऊक असतं, तुम्हाला लाइट कधी जाणार ते ठाऊक नाही?"

त्यांना विजेची एवढी काळजी का, हे मला पुढच्या खोलीतलं कपाट उघडल्यावर कळलं. आत पत्र्याचे सात-आठ मोठे डबे होते. मला वाटलं आंबापोळी. निघाल्या तबकड्या. सीडीसारख्याच दिसणाऱ्या, पण सीडीहून कितीतरी बारकाईने ध्वनी साठवलेल्या. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत जपानच्या बंदरांतून त्यांनी त्या एकेक करून आणल्या होत्या. प्रत्येक डब्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी होती, आमच्या हवेत बुरशी धरू नये म्हणून. एवढं करूनही काहींना धरलीच होती. आणि त्या वाजवणारं यंत्र खाऱ्या वाऱ्याने आधीच गंजून बसलं होतं.

काकांनी ठरवलं होतं, की एकूण एक तबकडी संगणकात उतरवून घ्यायची. ही तबकडी साध्या संगणकात घातली तर तिच्यातला बारीक ध्वनी तो वाचतच नाही, फक्त वरचा सीडीचा थर वाचतो. त्यासाठी एका विशिष्ट जातीचा जुना प्लेअर लागतो. काकांनी मुंबईच्या एका ओळखीच्या माणसाकरवी तो जुन्या बाजारातून मिळवला होता. त्यात एक छोटा प्रोग्रॅम घातलेला पेनड्राइव्ह खुपसायचा. थोड्या वेळाने ट्रे आपोआप बाहेर आला, की समजायचं प्रोग्रॅम चालू झाला. "जीभ दाखवलीन!" काका आनंदाने ओरडायचे. मग तबकडी ठेवायची, नेटवर्कची वायर संगणकाला जोडायची आणि तास-सव्वा तास फाइल थेंबाथेंबाने येताना बघत बसायचं. मधे लाइट गेले, की पुन्हा पहिल्यापासून.

तबकडी पुसायचा अधिकार फक्त काकांना होता. काकूंच्या जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा घ्यायचा आणि मधून कडेकडे सरळ पुसायचं, गोल नाही. मी एकदा गोल पुसली. काकांनी ती माझ्या हातातून अशी काढून घेतली, जसं तान्हं मूल काढून घेतात. त्यानंतर दोन दिवस माझं नाव सबस्टेशनवरून नुसतं "घाटावरचे पाहुणे" झालं होतं. उतरवलेल्या प्रत्येक तबकडीची नोंद बोटीच्या लॉगबुकासारखी वहीत व्हायची. "०९४८ सुरू. १०५५ पूर्ण. हवा दमट. वीज स्थिर." वीज अस्थिर असली, तर पुढे कंसात मी कुठे होतो तेही लिहिलेलं असे.

या सगळ्या खटाटोपामागे एक जुनं भांडण होतं. काकू एका सफरीत काकांबरोबर बोटीवर होत्या. कोबेला बोट लागली असताना काकांनी त्यांना एका मैफलीला नेलं. वीस-पंचवीस वादकांचा वाद्यवृंद होता आणि त्या दिवशी तिथे ध्वनिमुद्रण चाललं होतं. पुढच्या सफरीत त्याच बंदरात काकांना त्या मैफलीची तबकडी मिळाली. दुकानदाराने ती चहूबाजूंनी स्पीकर मांडलेल्या खोलीत वाजवून दाखवली. संथ भागात, सगळं अगदी हळू झालेलं असताना, काकांच्या डाव्या खांद्यामागून बांगड्या वाजल्या. "हिच्या!" काका सांगायचे. "मी खुर्चीत वळून बघितलं. मागे भिंत."

"त्या माझ्या नव्हेत," काकू तितक्याच ठामपणे सांगायच्या. "यांनीच आत जाताना दम दिला होता, आवाज होता कामा नये म्हणून. मी बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या होत्या. जपानात दुसऱ्या बायकांना हात नाहीत काय?"

घरी काकांकडे दोनच स्पीकर. पाठीमागचे आवाज त्यांतून नीट यायचेच नाहीत, त्यामुळे भांडण वर्षानुवर्षं निकालावाचून पडलं होतं. संगणकात मात्र पुढचे आवाज बंद करून नुसते मागचे ऐकता येतात, असं काकांनी कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून त्यांनी कंबर कसली. ती तबकडी मात्र त्यांनी शेवटी ठेवली होती. आधी हात बसू दे, मग मानाची, असा हिशेब.

तिची पाळी एकदाची आली. फाइल उतरली, काकांनी मला माडीवरून हाक मारली, मी पुढचे आवाज बंद करायला गेलो, तर मागचे नव्हतेच. प्रोग्रॅममध्ये दोन पर्याय होते, दोन स्पीकरांचा आणि पाच-सहा स्पीकरांचा. घरात स्पीकर दोन म्हणून काकांनी सरळ मनाने पहिला निवडला होता. एका तबकडीला नाही, सगळ्याच्या सगळ्या डब्यांना. काकांनी वही मिटली. मग म्हणाले, "बाकीच्यांचं जाऊ दे. ही एक परत घ्यायची." आणि नेमका त्याच आठवड्यात प्लेअर कुरकुरायला लागला. तबकडी आत घेई, गरगर फिरवी आणि न वाचताच परत देई. तीनदा नाकारून चौथ्यांदा एखादी घ्यायचा. त्याचा डोळा अधू झालाय, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. दुसरा प्लेअर शोधूनही मिळत नव्हता.

रविवार ठरवला. त्या दिवशी आमच्या लाइनवर कसलंही काम नाही याची मी खात्री करून घेतली, तरी धोका नको म्हणून माझा स्वतःचा यूपीएस खाली आणून जोडला. काकांनी तबकडी पुसली. प्लेअरने दोनदा नाकारली, तिसऱ्यांदा घेतली. "०९४८ सुरू," काकांनी लिहिलं. काकू घावने घालता घालता दारात येऊन विचारायच्या, "कुठवर आलं?" ज्या बाईला पुरावा नकोच होता, ती दर दहा मिनिटांनी का विचारत होती हे मला तेव्हा उमगलं नाही.

नव्वद टक्क्यांवर फाइल अडकली. प्लेअरच्या पोटातून घासल्यासारखा आवाज यायला लागला. काकांनी त्याच्यावर तळहात ठेवला आणि तसेच बसून राहिले. इतक्यात पितळी घड्याळाचा काटा पाऊणच्या फोडीत शिरला. काकांनी बोट वर केलं नाही, त्यांचा हात गुंतलेला होता. पण आत काकूंनी गॅस बंद केला. माझ्या मुक्कामात हे पहिल्यांदाच घडत होतं. तिघंही गप्प. ते यंत्र घासत होतं, थांबत होतं, पुन्हा घासत होतं. मला खरंच वाटलं, की कोणीतरी बुडतंय आणि आपण ऐकतोय. काटा फोडीतून बाहेर पडला, त्याच सुमाराला आकडा हलला. एक्क्याण्णव. मग ब्याण्णव. अकराला फाइल पुरी झाली आणि प्लेअरने तबकडी बाहेर दिली. त्यानंतर त्याने कुठलीच तबकडी वाचली नाही.

मी पुढचे आवाज बंद केले, मागचे होते तेवढे वाढवले आणि हेडफोन लावला. काका समोर वही उघडून बसले. आधी नुसता सभागृहाचा गंभीर घुमार. कोणीतरी घसा साफ केला. लांबून आल्यासारखी व्हायोलिनं. आणि मग डावीकडून किणकिण, स्वच्छ, तीनदा. मी हात वर केला. काकांनी हेडफोन घेतला, तोच भाग मी पुन्हा लावला. ते डोळे मिटून ऐकत होते. किणकिण होऊन गेली असणार, तरी त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"वाजल्या काय रे?"

तेव्हा मला कळलं. मोबाइलची रिंग, दारावरची घंटा, अंगणातल्या चिमण्या, काकांना यातलं काहीच ऐकू येत नव्हतं; कुकरच्या शिट्टीसारखं कानठळ्या बसवणारं तेवढं पोचायचं. बारीक आवाज त्यांच्या कानांतून केव्हाच निघून गेले होते. स्वयंपाकघरातल्या बांगड्याही. म्हणून ही घाई होती, आणि माडीवर वीजवाला हवा होता तो विजेसाठी जितका, तितकाच कानांसाठी. "वाजल्या, काका. तीनदा," मी म्हटलं. त्यांनी वेळ लिहिली आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

"जपानी बाई असेल कोणी," काकू म्हणाल्या.

हेडफोन परत माझ्या कानांवर घेऊन मी फाइल तशीच पुढे चालू ठेवली होती. संथ भाग संपला. दोन भागांच्या मधली ती शांतता आली, आणि तिच्यात एक बाई अगदी हळू, अस्सल गुहागरच्या हेलात म्हणाली, "संपलं काय हो?" त्यावर एक पुरुष तिच्याहून मोठ्याने म्हणाला, "गप्प गो! अजून आहे!"

मी हसत सुटलो. हेडफोनची वायर उपटली, फाइल थोडी मागे घेतली आणि आवाज होता तेवढा मोठा करून स्पीकरवर लावलं. पुरुषी आवाज जाड, तो काकांनाही ऐकू गेला. काकू तोंडाला पदर लावून भिंतीला टेकल्या. काकांचा चेहरा मात्र चोरी पकडल्यासारखा झाला होता. जन्मभर जगाला गप्प बसवणाऱ्या माणसाने शांततेचा भंग केला होता, आणि तो उत्तम प्रतीच्या ध्वनिमुद्रणात जपानने जगभर विकला होता. पण माणूस सचोटीचा. त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं, "शांतताभंग. जबाबदार: रेडिओ ऑफिसर स्वतः."

"आवाज माझा असेल," काकू सावरून म्हणाल्या, "बांगड्या माझ्या नव्हेत." मग काय, भांडण पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं. काका आल्यागेल्याला ती फाइल ऐकवायचे आणि "वाजल्या काय?" म्हणून विचारायचे. सिलिंडरवाल्यानेसुद्धा साक्ष दिली होती. काकू काही बधल्या नाहीत.

पुढे माझी बदली सावर्ड्याला झाली. निघताना काकांनी सगळ्या फाइलींची एक प्रत मला दिली. "दोन ठिकाणी असलेलं बरं," एवढंच म्हणाले. दोन वर्षांनी ते गेल्याचा फोन आला. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मला त्या माणसाने ऐकायला शिकवलं. अजूनही सबस्टेशनमध्ये ट्रान्सफॉर्मरजवळ गेलो, की मी आधी गप्प उभा राहतो, मग मीटरकडे बघतो.

परवा रत्नागिरीला गेलो होतो, तेव्हा काकूंना भेटायला गेलो. घड्याळ चालू होतं, त्याला किल्ली काकूच देतात. मी बोलत होतो आणि पावणेपाच झाले. काकूंनी बोट वर केलं. तीन मिनिटं आम्ही दोघं बसून राहिलो. काटा बाहेर पडल्यावर त्या म्हणाल्या, "ते लाव रे. मला ते यंत्र जमत नाही."

मी लावलं. घुमार, व्हायोलिनं, डावीकडून ती किणकिण. काकू स्वतःच्या हातांकडे बघत होत्या.

"एकाच हातातल्या काढल्या होत्या पर्समध्ये," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या हातातल्या निघेचनात."

"मग काकांना सांगितलं का नाहीत?"

"कबूल केलं असतं, तर परत परत लावलं असतं काय त्यांनी?"

तेवढ्यात संथ भाग संपला. "संपलं काय हो?" बाईने विचारलं, आणि काकू मान पुढे करून उत्तराची वाट बघायला लागल्या.

"गप्प गो! अजून आहे!"