पदराखालची पायताणं

आमच्या गावात बाईनं चपला घालाव्यात की नाही, यावर कुणाचं दुमत नव्हतं. जरूर घालाव्यात, फक्त चावडीपुढं घालू नयेत. आता वेशीतून आत यायचं तर चावडीपुढूनच यावं लागायचं, आणि बाहेर जायचं तरी तिथूनच. चावडीच्या ओट्यावर सकाळपासून जेवणवेळेपर्यंत गावातली चार-पाच वडीलधारी माणसं बसलेली असत. त्यांच्या नजरेच्या टप्प्यात आलं की बाईनं वाकायचं, पायताणं काढायची, पदराखाली धरायची आणि खाली मान घालून अनवाणी पुढं जायचं. पुरुष मात्र त्याच वाटेनं करकर वाजणारे जोडे घालून जात. त्या जोड्यांनी कुणाचा अपमान झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

गाव अणदूरपासून जवळ, हैदराबादच्या सडकेपासून अर्ध्या कोसावर. निजामाचं राज्य जायला अजून चार-पाच वर्षं होती. आम्ही लिंगायत, घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलायचो. आईला अव्वा, वडलांना अप्पा आणि वडलांच्या थोरल्या भावाला दोड्डप्पा. अप्पांचं किराण्याचं दुकान होतं, शेती दोड्डप्पा बघत आणि घरातला शेवटचा शब्दही त्यांचाच असे. चावडीच्या ओट्यावर खांबाला टेकून बसायची जागाही त्यांचीच.

त्या चावडीपुढची वाट कशी होती हे सांगायला हवं. शेतांच्या कुंपणासाठी बाभळीच्या काट्या भरलेल्या गाड्या वेशीतून आत यायच्या, तिथल्या चढाला हिसके खायच्या आणि काटे नेमके तिथंच सांडायचे. म्हणजे गावात जिथं पायताणाची सगळ्यात जास्त गरज, तिथंच ते हातात घ्यायचं. अव्वाच्या टाचेत काटा मोडला तो तिथंच. चपला तेव्हा तिच्या काखेत होत्या. तिनं रुईचा चीक लावला, गुळाचे चटके दिले, पण आतला तुकडा काही निघाला नाही. टाचेला कुरूप झालं आणि अव्वा कायमची लंगडायला लागली. ओट्यावरच्या कुणाला त्याचं काही वाटल्याचं मला आठवत नाही. मला मात्र अजूनही त्याचा संताप येतो.

मी गावातल्या शाळेत चौथी पास झाले. पुढं शिकायचं तर धाराशिवला जावं लागणार होतं. कागदोपत्री त्याचं नाव उस्मानाबाद, पण आमच्या तोंडात धाराशिवच होतं. तिथं माझी मावशी राहायची आणि मुलींची शाळाही होती. दोड्डप्पा आधी नाहीच म्हणाले. मग त्यांना कळलं, की मुलींना शाळेत न्यायला पडदा लावलेली शिग्राम येते. पडद्याच्या बैलगाडीतून पोरगी जाणार-येणार म्हटल्यावर त्यांचं मन वळलं. मला त्या पडद्याचं काय, मी पोत्यात बसून जायलाही तयार होते. अप्पांनी खुशीनं मला तुळजापूरहून नव्या चपला आणल्या. माझ्या आयुष्यातल्या त्या पहिल्या चपला.

आणि त्याच चपलांनी घात केला. निघायच्या आदल्या दिवशी अव्वानं मला शेतावर ताक पोचवायला पाठवलं. दोन्ही हातांत काठोकाठ भरलेली कासंडी घेऊन, ताक हिंदकळू नये म्हणून तिच्याकडंच बघत मी चालले होते. चावडी कधी आली नि कधी गेली हे मला कळलंसुद्धा नाही. पुढं लोकांनी माझ्या बंडाची गोष्ट करून सांगितली, मीही दोन-चारदा तशीच सांगितली. पण खरं तेच सांगते. ते बंड नव्हतं, मी चपला काढायला विसरले होते.

दुपारी दोड्डप्पा घरी आले. ओरडले नाहीत. पाय धुतले, लिंगपूजा केली, जेवले आणि हात पुसत अप्पांना म्हणाले, "पोरगी पायताण घालून आमच्या म्होरनं गेली. आता आनखी काय शिकायचं ऱ्हायलंय तिचं?"

एवढ्यावरच निकाल लागला. धाराशिव रद्द. थोरल्या भावापुढं अप्पांचं तोंड कधी उघडलं नव्हतं आणि त्या दिवशीही उघडलं नाही. मी कोठीत जाऊन धान्याच्या कणगीला टेकून पोटभर रडले. मला वाईट वाटत होतं ते स्वतःच्या वेंधळेपणाचं. ताक सांडलं असतं तर कुणी शाळा बंद केली नसती.

अव्वा आत आली. तिनं माझी समजूतबिमजूत काही घातली नाही. एवढंच विचारलं, "जायाचं हाय का तुला?"

मी हो म्हणाले.

सकाळी तिनं रोजच्यासारखी तळहातावर लिंग घेऊन पूजा केली, मला भाकरी बांधून दिली आणि माहेरहून आलेल्या तिच्या जुन्या चपला कोनाड्यातून काढल्या. अप्पा माझी ट्रंक घेऊन मागच्या बोळानं, ओढ्यात उतरून, आधीच सडकेकडं गेले होते. तेवढं धाडस त्यांना झेपलं, आणि त्यांच्या मानानं ते थोडं नव्हतं. आम्हीही त्याच बोळानं जाऊ शकलो असतो. मी तसं सुचवलंही. अव्वानं चपला पायांत घातल्या, मला माझ्या घालायला लावल्या आणि सरळ वेशीची वाट धरली.

टाचेमुळं तिला भरभर चालता येत नव्हतं. चावडीपुढचं ते अंतर चाळीस पावलांचं असेल, पण तिच्या लंगडत्या चालीनं ते सरता सरेना. दोड्डप्पा खांब सोडून ताठ बसले.

आता इथं एक पंचाईत होती. ते अव्वाचे थोरले दीर. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी ती त्यांच्याशी एक शब्द थेट बोलली नव्हती आणि तेही तिच्याशी बोलत नसत. रीतच तशी होती. काही सांगायचं झालं की मधे एखादं पोर उभं करायचं आणि दोघांनी त्याला सांगायचं. आजवर मी त्यांच्यामधे "पाणी तापलंय" आणि "पाहुणे येणारेत" एवढेच निरोप पोचवले होते.

दोड्डप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "अव्वाला सांग, पायताण काढ म्हनावं."

अव्वा थांबली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला. तीही माझ्याकडंच बघत बोलली, पण ओट्यावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात.

"त्यास्नी सांग, त्यांच्या गळ्यात लिंग हाय, तसंच माझ्या बी गळ्यात हाय. चावडी आली म्हून ते कुनी काढून हातात घ्यायला सांगत न्हाय. काटा माझ्या टाचंत हितंच मोडलाय. आता पायताण काढनार न्हाय. पोरगी शाळंला चाललीय."

सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. तरी रीतीप्रमाणं ते मी सांगितल्याशिवाय पोचलं असं होत नव्हतं. अव्वानं मागून माझ्या पाठीला बोट लावलं, आणि मी ते सगळं, एकही शब्द न गाळता, दोड्डप्पांच्या तोंडावर म्हणून दाखवलं. शेवटी, तिनं न सांगितलेलं एक वाक्य माझ्या पदरचं जोडलं, "आन् म्या बी काढनार न्हाय."

दोड्डप्पांनी मला पुढचा निरोप दिला नाही. आम्ही वेशीबाहेर पडलो. सडकेवर अप्पा ट्रंकेवर बसून वाट बघत होते. मोटार आली, मी अप्पांबरोबर चढले. अव्वा वळून गावाकडं चालू लागलेली मला मागच्या खिडकीतून दिसली. मला शाळा मिळाली होती, पण तिला परत त्याच चाळीस पावलांतून, त्याच घरात जायचं होतं, आणि आता तिचा निरोप पोचवायला मी नव्हते. तुळजापूर येईपर्यंत मी त्याच काळजीनं रडत होते.

सुट्टीला घरी गेले तेव्हा दोड्डप्पा माझ्याशी नेहमीसारखे बोलले. त्या सकाळविषयी कुणी चकार शब्द काढला नाही आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही. विचारलं ते कितीतरी वर्षांनी, मी स्वतः मास्तरीण झाल्यावर. म्हटलं, अव्वा, त्या दिवशी परत जाताना काय झालं?

ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "काय व्हायचंय? ओट्यावर कुनी नव्हतंच. मला येताना बगून समदे उठून घरला गेल्ते."

"मग तू चपला काढल्यास?"

"का म्हून काढू?" ती म्हणाली. "उलट जरा बसले ओट्यावर. टाच लई दुखत हुती."